केळंबची लेक, वेरोंड्याचं मत

"चहा नको," शिवानं पायरीवरूनच सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं की आज हा भाऊ म्हणून आलेला नाही.

केळंबहून वेरोंड्याला यायचं म्हणजे तासाभराची उतरण. खाली पोचेपर्यंत माणसाचे गुडघे लटपटतात. त्यात शिवा चहाचा एवढा भोक्ता की आमच्या म्हशीनं दूध चोरलं तर तिच्याआधी त्याला राग यायचा.

"उन्हातून आलास आणि चहा नको? बायकोनं शपथ घातली काय?"

"तसं नाही, आक्का."

"मग आत तरी ये. पायरीवर बसायला तू काय पोस्टमन आहेस?"

तो पडवीत येऊन बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. ह्याला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर लहानपणीच वाकडी झाली होती. आता त्याच्याच डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त पांढरे केस. बराच वेळ तो टोपीची घडी घालत नि मोडत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "आक्का, उद्या तू अर्ज भरू नकोस."

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. वेरोंडे, केळंब आणि घोटवणे ह्या तीन गावांची मिळून एकच पंचायत होती. वेरोंडे खाली रस्त्याला, मोठं, बाजाराचं. केळंब वर डोंगरात, घोटवणे त्याच्याही पलीकडं. पंचायतीत मेंबर सात. त्यातले पाच वेरोंड्याचे, एक केळंबचा, एक घोटवण्याचा. डोकी मोजून दिलेले, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण पंचायत झाली तेव्हाच तिन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी देवळाच्या पायरीवर नारळ ठेवून शब्द दिला होता, की सरपंचकी फिरती राहील. दोनदा वेरोंड्याला, मग एकदा केळंबला. पुन्हा दोनदा वेरोंड्याला, मग एकदा घोटवण्याला. त्या नारळावर हात ठेवणाऱ्यांत माझा बाप होता, केळंबचा गावकार, गावचा मुख्य.

पंचेचाळीस मिनिटांचं भाषण ठोकून विसरून जावा तसा वेरोंड्यानं तो शब्द विसरून टाकला. कधी म्हणे निवडणूकच पुढं गेली, कधी म्हणे केळंबचा मेंबर आजारी. बाप वाट बघून बघून गेला. त्या वर्षी मात्र घोटवण्याच्या कोंडूनानांनी भर सभेत विषय काढला आणि वेरोंड्याला मान खाली घालून हो म्हणावं लागलं. पाळी केळंबची. आणि नेमकी त्याच वर्षी सरपंचाची खुर्ची बायकांसाठी राखीव निघाली.

केळंबची मेंबर बाईच होती. शिवाची बायको, माझी भावजय हौसा.

"का भरू नको?" मी शिवाला विचारलं. "मी मेंबर नाही का? की बाई नाही?"

"आहेस. पण पाळी केळंबची आहे."

"आणि मी कुठली? आभाळातून पडले?"

"तू केळंबची लेक आहेस, आक्का. नाही कोण म्हणतो? पण निवडून आलीस ती वेरोंड्यातून."

"अरे, तेच तर आमचे यशवंतभाऊजी म्हणतात. एका दगडात दोन्ही गावं राजी. शब्दही पाळला जातो आणि काम येणारी बाईही मिळते. तुझी हौसा तिथं बसून काय करणार? लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तिच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकली असतील तर मी नाव बदलीन. सायबापुढं उभी केली तर पदराचं टोक चावत बसेल."

"सातवी झालीय ती."

"हो का? आणि मी दुसरीतून गुरं राखायला गेले, म्हणून मी अडाणी!"

"मी तसं म्हटलं नाही गं." त्याचा आवाज खाली आला. "झऱ्याचं काय ते तुला माहीत आहे ना? तुझे दीर ती नळाची योजना पुन्हा काढणार. सरपंच आमचा असेल तर निदान आधी आम्हाला विचारलं जाईल. एवढंच आहे बघ आमचं."

केळंबचा झरा म्हणजे केळंबचा जीव. गावाच्या वरच्या अंगाला खडकातून बारा महिने पाणी येतं. त्या पाण्यावर केळंबची माणसं पावसाळ्यानंतर दुसरं भात घेतात, वायंगण म्हणतात त्याला. वायंगण आहे म्हणून केळंबातली घरं मुंबईला गेली नाहीत. त्या पाण्यावर वेरोंड्याचा दहा वर्षं डोळा होता. वरून नळ टाकला की पाणी आपोआप खाली, पंपाचं बिल नको.

"मी असताना तुमच्या झऱ्याला कोण हात लावतोय ते बघते," मी म्हटलं. "त्याच झऱ्यावर तुला आंघोळ घातलीय मी, नागडा असताना."

शिवा हसला नाही. "आता कुठलं पाणी भरतेस, आक्का?"

मला राग आला. "लग्न करून दिलं कुणी? मी पळून आले होते का वेरोंड्यात?"

तो टोपी डोक्यावर ठेवून उठला. जाताना म्हणाला, "हौसानं सांगितलंय, वन्संना जमत असेल तरच. जोर करू नका."

मला वाटलं, बघ, स्वतः यायची हिंमत नाही आणि नवऱ्याबरोबर निरोप पाठवते.

*

यशवंतभाऊजी म्हणजे माझे दीर. आमचे हे गेल्यावर घरचं सगळं मीच बघत होते आणि गावचं सगळं ते. बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपलीच मनातली गोष्ट आहे. दहा वर्षं स्वतः सरपंच होते. खुर्ची बायकांची झाली तेव्हा त्यांच्या बायकोला उभं करता आलं असतं, पण ती बाई दम्यानं बेजार. आणि मी होते. मी केळंबची होते.

दुसऱ्या दिवशी तहसीलातून साहेब आला. दोन अर्ज आले, एक माझा, एक हौसाचा. साहेबानं हात वर करायला सांगितले. हौसाचा स्वतःचा आणि कोंडूनानांचा, दोन. माझे पाच. साहेब पेन बंद करायला लागला तसे भाऊजी म्हणाले, "साहेब, प्रोसिडिंगला एक ओळ घ्या. केळंब गावच्या कन्या म्हणून ठरलेल्या पाळीप्रमाणे निवड. म्हणजे उगाच कुणाच्या मनात काही राहायला नको."

ग्रामसेवक पेडणेकरानं ती ओळ लिहिली. चांगला मुलगा होता, पण कुणाचाही आवाज चढला की त्याचं पेन थरथरायचं.

कोंडूनाना उठले आणि हसले. "यशवंतराव, मग माझ्या नातसुनेचं माहेर वेरोंड्याचं आहे. पुढच्या वेळी वेरोंड्याची पाळी आली की तिला बसवू आम्ही. चालेल?"

वेरोंड्याचे बाकी चौघं हसले, मीही हसले. चालेल असं कुणीच म्हटलं नाही.

हौसा खाली उतरताना माझ्याजवळ आली. पदर डोक्यावरून घेतला, वाकली आणि माझ्या पाया पडली. मग म्हणाली, "वन्सं, आता केळंबचं तोंड तुमचं."

मी म्हटलं, "असंच होतं गं आधीपासून. कुणी ओळखत नव्हतं एवढंच."

*

सहा महिने बरे गेले. केळंबच्या शाळेचं छप्पर केलं मी. बीडीओच्या तोंडावर सांगितलं, "तुमच्या ऑफिसात पाऊस गळतो का? मग पोरांच्या पाटीवर का गळावा?" आठ दिवसांत पत्रे आले. शिवा येऊन चहा पिऊन गेला. मला वाटलं, बघा, हौसा असती तर अजून अर्जावर तारीख टाकायची राहिली असती.

मग भाऊजींनी योजना काढली.

मीटिंगला पेडणेकरानं वाचून दाखवलं. झऱ्यावर बंदिस्त टाकी, तिथून पाइप वेरोंड्याला, वेरोंड्यात घरोघर नळ, वाटेत केळंबला दोन नळकोंडाळी. हौसा ऐकत होती. वाचून संपल्यावर ती म्हणाली, "झरा बंद केला तर वायंगण कसं होणार?"

"हौसावहिनी, पावसाळ्याचं भात आहे की," भाऊजी म्हणाले. "नऊशे माणसांचं पिण्याचं पाणी मोठं की दोनशे माणसांचं दुसरं पीक?"

"पिण्याचं मोठं," हौसा म्हणाली.

"मग झालं तर."

"पण सगळं पाणी पिता का तुम्ही?"

मी पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. आवाज हळू होता, पण शब्द सरळ. ती पदर चावत नव्हती.

भाऊजींनी हात वर करायला सांगितले. त्यांचा, दगडूशेठचा आणि खालच्या आळीच्या मेंबराचा, तीन वर गेले. विरोधात हौसा, कोंडूनाना आणि आमच्याच माळवाडीचा बाबल्या. माळवाडी उंचावर, नळाचं पाणी तिथं चढणारच नव्हतं. तिघं इकडं, तिघं तिकडं. उरले मी.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हौसाही बघत होती, पण डोळ्यांत विनवणी नव्हती. बी टाकून झाल्यावर माणूस वाफ्याकडं बघतो ना, तशी बघत होती.

मी म्हटलं, "पाणी कुणाच्या बापाचं नसतं. तीन गावं एका पंचायतीत आहेत म्हणजे एका घरात आहेत. घरात एका खोलीत पाणी आणि दुसरीत घागर कोरडी, असं चालत नाही."

आणि हात वर केला. भाऊजींच्या बाजूनं.

काय बोलले ते अजून पाठ आहे मला. बोलणं चांगलं होतं. बाबल्या तेवढा म्हणाला, "घर एक आहे खरं, सरपंचबाई. पण दार कायम तुमच्याच खोलीत उघडतं." मी त्याला म्हटलं, "तू आधी तुझ्या कोंबड्या सांभाळ, रोज माझ्या परड्यात असतात." सगळे हसले. हौसा उठून गेली.

*

त्या उन्हाळ्यात केळंबला वायंगण झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात केळंबातली अकरा घरं बंद झाली. शिवाचा मोठा मुलगाही बायकोला घेऊन नालासोपाऱ्याला गेला. मला कळवायला कुणी आलं नाही, भाजीवालीकडून कळलं.

गौरीच्या सणाला मी कधी माहेर चुकवलं नव्हतं. त्या वर्षीही गेले. हौसानं पाट मांडला, पुरणपोळी वाढली, निघताना ओटी भरली, कशात कमी केलं नाही. पण वाटेनं जाताना नेहमी माणसं ओट्यावरून हाक मारायची, "कधी आलीस गं भागी? राहणार ना चार दिवस?" त्या दिवशी ओट्यांवर माणसं होती आणि हाक नव्हती.

मग केळंब आणि घोटवणे दोघांनी मिळून अर्ज केला. आम्हाला वेरोंड्यातून फोडा, आमची दोघांची वेगळी पंचायत द्या. तहसीलातून पत्र आलं: ग्रामसभा बोलवा, तिन्ही गावांचं मत घ्या, गावनिहाय किती बाजूनं, किती विरोधात, असा तक्ता पाठवा.

अध्यक्ष मी.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. केळंबची आणि घोटवण्याची माणसं तास-दोन तास चालत आलेली. म्हातारे काठी टेकत, बायका पोरं काखेत घेऊन. वेरोंड्याची माणसं पाच मिनिटांवरून आलेली, तीही उशिरा. सगळे पुढं जमिनीवर बसले. मला, भाऊजींना आणि पेडणेकराला खुर्च्या.

भाऊजी आधी बोलले. मोठं गाव, मोठी ताकद, फुटलात तर निधी कोण देणार, वगैरे. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा. तुमचं माहेर आहे."

मला मागं राहायची सवय नाही. मी उभी राहिले. "चारशे माणसांची पंचायत!" म्हटलं. "शिक्का बनवायला टाकलात तर शिक्केवाला विचारेल, पंचायतीचा हवाय की पतपेढीचा? आणि कोंडूनाना, तुम्ही दोन्ही गावं एकत्र येणार. मग तिथं मोठं कोण, धाकटं कोण? तिथंही कुणीतरी रडणारच."

वेरोंड्याची माणसं खदखदून हसली.

शिवा उठला. त्याला बोलायची सवय नव्हती. हातातली टोपी त्यानं घट्ट धरली होती.

"तिथं दोन्ही गावांचे मेंबर सारखे," तो म्हणाला. "ते ठरलंय. घोटवण्याचा प्रश्न असला तर घोटवण्याचेच दोघं ठरवणार, केळंबनं बोलायचं नाही. केळंबचा असला तर घोटवण्यानं बोलायचं नाही. लिहून काढलंय आम्ही."

"आणि पाणी?" भाऊजींनी विचारलं. "पाणी तोडणार?"

शिवानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तो माझ्याकडं बघत होता.

"पाणी आम्ही नाही म्हणालो होतो का, आक्का? कुणी येऊन विचारलं? पावसाळाभर न्या म्हटलं असतं, उन्हाळ्यात अर्धं न्या म्हटलं असतं. पुन्हा वायंगणाच्या वेळी तुमची माणसं हाताखाली आली असती, दोन पायली भात घेऊन गेली असती. विचारलं असतं तर." मग तो एक पाऊल पुढं आला. "नळ आला तेव्हा पहिली तोटी कुणाच्या दारात लागली, आक्का?"



माझ्या दारात. त्या वेळी माझी थोरली सून पोटुशी होती. आमच्या विहिरीच्या बासष्ट पायऱ्या. पहिलं मूल तिचं त्या पायऱ्यांवर गेलं होतं. भाऊजींनी नकाशा पडवीत पसरून मला दाखवला होता: "वहिनी, लाइन इथून. पहिला नळ तुमचा." मीटिंगच्या दोन दिवस आधी. पाणी कुणाच्या बापाचं नसतं, हे वाक्य मला त्या नकाशावर बोट ठेवलेलं असताना सुचलं होतं. सुनेचं दुसरं मूल राहिलं, आता ते कॉलेजात आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही, वाटणारही नाही. पण हे मी मीटिंगमध्ये बोलले असते तर हौसानं ऐकलं असतं. ती बाई होती. तिनं दोन घागरी रोज डोक्यावरून आणून दिल्या असत्या. मी ते बोलले नाही. मी तीन गावांचं एक घर बोलले.

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही बोललं आणि मी गप्प राहिले.

हात मोजताना घोळ झाला, तसा पेडणेकर म्हणाला, "गावाप्रमाणे वेगवेगळे बसा. मी एकेकाला विचारून लिहितो." माणसं उठली, सरकली. पटांगणात तीन पुंजके झाले. पेडणेकर वही घेऊन फिरला. घोटवणे, चौऱ्याण्णव हजर, सगळे बाजूनं. वेरोंडे, एकशे वीस हजर. माळवाडीचे सतरा बाजूनं, बाकी विरोधात. केळंब, एकशे अकरा हजर, सगळे बाजूनं.

तो परत खुर्चीपाशी आला. "सरपंचबाई, अध्यक्षांचंही लिहावं लागतं. तुमचं मत विरोधात ना?"

"हो," मी म्हटलं. भाषण तर केलंच होतं.

"वेरोंड्यात एक वाढवतो."

"थांब." भाऊजी पुढं झाले. हसत होते. "वेरोंड्यात कसं? प्रोसिडिंग काढ. केळंब गावच्या कन्या म्हणून निवड, असं तुझ्याच हातानं लिहिलंयस. केळंबच्या पाळीच्या सरपंच आहेत त्या. त्यांना केळंबात धर. एकशे अकरा बाजूनं, एक विरोधात. आणि ती एक म्हणजे खुद्द सरपंच."

पेडणेकर वहीची पानं मागं उलटायला लागला. "मतदार यादीत..."

"यादी गेली खड्ड्यात. सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे वहिनी केळंबच्या. साहेबाला दाखवतो मी, केळंबात एकमत नाही. सरपंचाचाच विरोध. मग बघू कसं फोडतात."

तेव्हा मला दिसलं. शब्द मोडायचा होता तेव्हा मी केळंबची. पाणी न्यायचं होतं तेव्हा मी वेरोंड्याची. आता केळंबला अडवायचं तर पुन्हा केळंबची. भाऊजींनी मला दोन्ही गावांत वापरून घेतलं होतं, आणि मी दोन्ही वेळा स्वतः चालत गेले होते, मान वर करून.

केळंबच्या पुंजक्यातले सगळे माझ्याकडं बघत होते. शिवा तर असा बघत होता, जसा लहान असताना आईनं मला मारलं की बघायचा. मला उठून तिकडं जाऊन बसता आलं असतं. केळंबात लिही आणि बाजूनं लिही, म्हणता आलं असतं. तो विचार मनात आला, खोटं सांगत नाही. पण संध्याकाळी परतायचं होतं ते वेरोंड्यातच, सुनेच्या घरात, नातवाच्या घरात. एवढी छाती माझी झाली नाही. माझी बढाई सगळी जिभेत होती.

पण केळंबात विरोधाचं एक मत पडू द्यायचं नाही, एवढं माझ्या हातात होतं. ते करायला एकच वाट होती.

"पेडणेकर," मी म्हटलं, "लिही. वेरोंडे."

भाऊजी वळले. "वहिनी, असं कसं? तुम्हीच तर—"

"माझं घर कुठं आहे? वेरोंड्यात. नळ कुठं आहे? वेरोंड्यात. चाळीस वर्षं कुठलं खाते? मी केळंबची नाही. माझा त्या गावाशी काही संबंध नाही. आणि प्रोसिडिंगला ते केळंब गावच्या कन्या लिहिलंय ना, ते खोटं आहे. ते खोटं आहे असंही लिही. मी अंगठा नाही, सही करते."

केळंबच्या बायकांत कुणीतरी तोंडावर हात ठेवला. पेडणेकरानं लिहिलं. केळंब, एकशे अकरा, विरोधात शून्य. मी सही केली.

शिवानं मान खाली घातली. टोपी डोक्यावर चढवली आणि पाठ फिरवून फाटकाकडं चालायला लागला. त्याच्यामागं केळंबची माणसं उठली. म्हाताऱ्या बाया माझ्याकडं वळून वळून बघत होत्या. त्यातल्या एकीनं मला लहानपणी न्हाऊ घातलं होतं. ती म्हणाली, माझ्याकडं नाही, बरोबरीच्या बाईकडं, "गावकाराची लेक गं ही. भर सभेत बापाचं गाव थुंकून टाकलं."

मी खुर्चीवर बसून राहिले.

पुढं चार वर्षांनी दोघांची पंचायत झाली. पहिली सरपंच हौसा. पाणी तोडलं नाही त्यांनी. उन्हाळ्यात वेरोंड्याला सकाळचे दोन तास येतं, बाकी वायंगणाला. नालासोपाऱ्याहून सहा घरं परत आली म्हणतात. म्हणतात, कारण मी बघायला गेले नाही. शिवाला जाऊन नऊ वर्षं झाली. निरोप आला होता, वेरोंड्यात सगळ्या ओळखीच्या घरी येतो तसा. मी गेले आणि बाहेरगावच्या बायकांत बसले.

त्या दिवशी पटांगण रिकामं झालं. भाऊजी पाय आपटत निघून गेले, पेडणेकर वही काखेत मारून त्यांच्यामागं. पोरं शाळेच्या व्हरांड्यात ओरडत होती. हौसा एकटी मागं राहिली होती. त्यांनी केळंबहून बसायला चटया आणल्या होत्या, त्या ती एकेक गुंडाळत होती.

गुंडाळत गुंडाळत ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता बोलेल. शिव्या घालेल, किंवा विचारेल तरी. मी तयार होते. तिला खरं सांगावं असं मनात आलं, आणि ते कुठल्या शब्दांत सांगायचं तेच सुचेना.

हौसानं फाटकाकडं बघितलं, शिवा लांब गेला होता.

"शून्य लिहिलं ना त्यानं, वन्सं?" तिनं हळू विचारलं. "केळंबच्या पुढं?"

"शून्य," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग वाकून म्हणाली, "जरा उठता का? खुर्चीच्या पायाखाली आमच्या चटईचा कोपरा आहे."

मी उठले. तिनं चटई ओढून घेतली, धूळ झटकली, गुंडाळली, डोक्यावर घेतली, आणि चढणीला लागली.